गाडी हलली की फलाट? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मोबाईलच्या जीपीएसबद्दल लिहिताना सहज दोन ओळी टाकल्या होत्या की वेगात असलेलं घड्याळ हळू चालतं, आणि उपग्रहातली घड्याळं हा फरक धरूनच वर पाठवावी लागतात. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आलीत की यावेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. ज्यांनी सोलर पंपाचं आणि इन्व्हर्टरचं विचारलंय त्यांना पुढच्या महिन्यात उत्तर देते, तेवढी सवलत द्या.

एक वाचक, परभणी: नमस्कार ताई. माझं आणि मामाचं महिनाभर भांडण चालू आहे. मामा हायस्कूलला तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालेत. ते म्हणतात, "जुळ्या भावांतला एक रॉकेटनं फिरून आला आन् तरुण राहिला, म्हणजे खरा तोच हलला ना? मग गती सापेक्ष कशी? कुणीतरी खरंच हलायलंय म्हणून तर त्याचं घड्याळ मागं पडलं." मी म्हणतो रॉकेटवाल्याला पृथ्वीच लांब जाताना दिसते, त्यामुळं दोघंही बरोबर. तर मामा म्हणतात, "दोघंही बरोबर असतील तर दोघंही एकमेकांपेक्षा तरुण व्हायला पाहिजेत, असं होतंय का कुठं?" इथं माझी बोलती बंद होते. शिवाय मामांचं म्हणणं आहे की आकाशातल्या मायक्रोवेव्ह प्रकाशावरून सूर्यमालेचा वेग सेकंदाला ३७० किलोमीटर काढलाय, मग तो निरपेक्ष वेगच झाला की. कोण बरोबर आहे?

मामांना आधी माझा नमस्कार सांग. आणि तू पण एवढ्यात हार मानू नको, कारण तुम्हा दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. मामांचा प्रश्न हलक्यात घेऊ नको बरं का. "गती सापेक्ष असते" हे वाक्य पाठ करून पुढं जाणारी पोरं मी कॉलेजला शिकवताना ढिगानं बघितली, पण थांबून "मग परत आल्यावर एकच तरुण कसा" असं विचारणारी फार कमी. हर्बर्ट डिंगल नावाचे इंग्लंडमधले प्राध्यापक, रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे अध्यक्ष राहिलेला माणूस, त्यांनी याच मुद्द्यावर १९५०च्या दशकापासून वर्षानुवर्षं वाद घातला. ते चुकत होते, पण नेमके कुठं चुकतात हे समोरच्याला पटेल असं सांगताना भल्याभल्यांची दमछाक झाली.

आधी गाडीचं घेऊ. परभणी स्टेशनला तू देवगिरीत बसलायस, रात्रीची वेळ, शेजारच्या लाईनवर मालगाडी उभी आहे आणि एकदम खिडकीतून डबे मागं सरकायला लागतात. आपली सुटली वाटतं म्हणून तू बाहेरच्या माणसाला टाटा करायला हात वर करतोस, तेवढ्यात मालगाडीचा शेवटचा डबा निघून जातो आणि पलीकडं फलाटावरचा पाण्याचा नळ जागच्या जागी दिसतो, आपण तर हललोच नाही. कुणामुळं कळलं? नळामुळं. नळ दिसला नसता तर पोटाला, कानाला, हातातल्या चहाच्या कपाला, कशालाच काही कळलं नसतं. गॅलिलिओनं १६३२ साली हेच लिहून ठेवलं, जहाजाच्या पोटातली बंद खोली घ्या, आत फुलपाखरं सोडा, टांगलेल्या बाटलीतून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडू द्या, जहाज उभं असू दे नाहीतर एका चालीनं जाऊ दे, थेंब तिथंच पडणार. आणि त्याच्या हजारभर वर्षं आधी, ४९९ साली, आर्यभटानं नावेचं उदाहरण दिलंय, नावेत बसून पुढं जाणाऱ्याला काठावरच्या न हलणाऱ्या वस्तू उलट जाताना दिसतात, तसेच तारे आपल्याला पश्चिमेकडं जाताना दिसतात. आत्ता तू हे वाचतोयस तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळं परभणी ताशी साधारण १५७५ किलोमीटरनं पूर्वेकडं चाललीय, आणि सगळी पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं चाललीय. कपातला चहा मात्र गपगार.

आता जुळे भाऊ. गणित थोडं नीट बघ, आणि हे मामांसोबत बसून कागदावर कर.

एक भाऊ परभणीत राहिला. दुसरा प्रकाशाच्या ६० टक्के वेगानं, म्हणजे सेकंदाला १ लाख ८० हजार किलोमीटरनं निघाला. परभणीच्या कॅलेंडरनं ५ वर्षं जायला, ५ वर्षं यायला, एकूण १० वर्षं. निघताना दोघांचं ठरलं की आपापल्या घड्याळानं वर्ष भरलं की समोरच्याला दिवाळीचा एक मेसेज टाकायचा. मेसेज प्रकाशाच्या वेगानंच जाणार, त्याहून लवकर काही जात नाही.

जाताना काय होतं? गेलेल्याला घरचा मेसेज दरवर्षी मिळत नाही, त्याच्या स्वतःच्या घड्याळानं दोन दोन वर्षांनी एक मिळतो. आणि घरच्याला पण त्याचे मेसेज दोन दोन वर्षांनीच मिळतात. अगदी सारखं, उन्नीस-बीसचाही फरक नाही. अंतर वाढत चाललंय म्हणून मेसेजला पोचायला जास्त वेळ लागतो, तो उशीर दोघांनीही आपापल्या हिशोबातून वजा केला तरी दोघांनाही दिसतं की माझी ५ वर्षं होतात तेव्हा समोरच्याची ४च होतात. म्हणजे इथपर्यंत तू बरोबर, कोण हलतंय हे सांगायला काहीच आधार नाही.

आता तो परत फिरला. त्याच्या घड्याळानं ४ वर्षं झालेली, तोवर हातात मेसेज आले २. तोंड घराकडं केलं की लगेच मेसेज सहा सहा महिन्यांनी यायला लागले, कारण आता तो मेसेजच्या समोरून चाललाय. येतानाच्या ४ वर्षांत मिळाले ८. एकूण १०. घरच्याच्या दहा दिवाळ्या झाल्या आणि त्याच्या स्वतःच्या ८.

घरच्याचं बघ. त्याला गेलेल्याचे मेसेज दोन वर्षांनी एक असे येत राहतात, पहिला दुसऱ्या वर्षी, दुसरा चौथ्या, तिसरा सहाव्या, आणि चौथा, जो भावानं तिकडं वळता वळता टाकला, तो पोचतो थेट आठव्या वर्षाच्या शेवटी. भाऊ पाचव्या वर्षीच वळलाय, पण घरच्याला ते कळायला अजून तीन वर्षं लागली, एवढ्या लांबून बातमी यायलाच तेवढा वेळ लागतो. मग शेवटच्या दोन वर्षांत सहा सहा महिन्यांनी चार मेसेज, आणि आठवा मेसेज व तो स्वतः एकदमच दारात. मिळाले किती? १० वर्षांत ८.

मेसेज मोजण्यात कुणाचं मत चालत नाही, फोनमध्ये जेवढे आले तेवढे आले. एकाकडं दहा, एकाकडं आठ. आणि फरक पडला तो कशामुळं हे पण दिसलं, वळणाऱ्याला बदल त्याच्या निम्म्या प्रवासातच जाणवला आणि घरी बसलेल्याला आठ वर्षं उलटल्यावर. सारखेपणा तिथं मोडला.

म्हणून मामांना सांग की गेलेला भाऊ वळला हे शंभर टक्के खरं आणि ते निरपेक्ष आहे. डोळे मिटून बसलं तरी एसटीचा ब्रेक कळतो, बालाघाटातल्या घाटात वळणावर शेजारचा अंगावर येतो, त्याला खिडकी लागत नाही. रॉकेट वळताना आतला चहा सांडणारच, घरी परभणीत चहा सांडला नाही. पण वळला हे कळलं म्हणून वळायच्या आधी तोच हलत होता आणि पृथ्वी उभी होती हे सिद्ध होत नाही. मामा "वळला" आणि "हलला" हे दोन शब्द एकात एक मिसळतात आणि तिथंच सगळा घोळ होतो.

हे पटत नसेल तर अजून एक हिशोब करून बघा, मला हा फार आवडतो. समजा एक तिसरा माणूस आहे, जो पहिल्यापासून त्याच दिशेनं त्याच ६० टक्के वेगानं चाललाय आणि शेवटपर्यंत वळणार नाही. त्याच्या नजरेनं जाणारा भाऊ पहिली ४ वर्षं चक्क उभा आहे, आणि परभणी पाठ फिरवून पळतेय. मग ४ वर्षांनी भाऊ परभणीच्या मागं लागतो, आणि पळणाऱ्याला गाठायचं तर जास्त जोरात पळावं लागणार, तिसऱ्याच्या हिशोबानं त्याचा वेग प्रकाशाच्या ८८ टक्क्यांवर जातो. या पाठलागाला तिसऱ्याच्या घड्याळानं साडेआठ वर्षं लागतात, पण एवढ्या वेगात पळणाऱ्याचं घड्याळ इतकं हळू की त्याची ४च वर्षं होतात. तिसऱ्याची एकूण साडेबारा वर्षं झाली. परभणी सगळा वेळ ६० टक्के वेगानं पळत होती, म्हणजे साडेबारा वर्षांत तिची १०. भावाची ४ आणि ४, आठ. उत्तर तेच आलं, १० आणि ८. पहिल्या हिशोबात भाऊ हलला, दुसऱ्यात परभणी सगळा वेळ हलली आणि भाऊ पहिली ४ वर्षं उभा राहिला, आणि दारात भेटल्यावर वयं मात्र तीच. "खरं कोण हलत होतं" याचं उत्तर न देताच वयाचा निकाल लागतो, तो प्रश्न गणितात कुठं लागतच नाही.

मामांच्या बाजूनं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. लॉरेंट्झ नावाचे डच शास्त्रज्ञ, ज्यांच्या सूत्रांवर हे सगळं गणित उभं आहे, ते १९२८ साली वारले तोपर्यंत ईथर नावाचं, प्रकाश ज्यातून जातो असं एक स्थिर माध्यम आहे असंच मानत राहिले. तसं मानूनही गणित हेच येतं, त्यात चूक निघत नाही. फक्त ते ईथर असं आहे की ते कुठल्याच प्रयोगाला कधीच सापडणार नाही, घड्याळं आणि मोजपट्ट्या बरोबर तेवढ्याच बदलतात की त्यातून जाताना लागणारा त्याचा वारा लपून राहतो. मला स्वतःला जे कधीच सापडणार नाही ते मांडून ठेवण्यात अर्थ वाटत नाही, मामांना वाटत असेल तर तो त्यांचा हक्क आहे, पण "निरपेक्ष गती शोधता येते" हे मात्र त्यांना म्हणता येणार नाही.

मायक्रोवेव्ह प्रकाशाचं मामांनी बरोबर काढलंय. सगळ्या आकाशातून येणारा हा जुना प्रकाश २.७२५ केल्व्हिन तापमानाचा आहे, आणि सिंह राशीच्या बाजूला तो अंशाच्या हजाराव्या भागाच्या साडेतीन पटीहून थोडा कमी एवढा जास्त गरम दिसतो आणि विरुद्ध बाजूला तेवढाच थंड, त्यावरून सूर्यमालेचा ३७० किलोमीटरचा वेग निघतो. पण तो वेग त्या प्रकाशाच्या तुलनेतला आहे. म्हणजे फलाटावरचा नळच तो, फक्त फार मोठा आणि सगळ्यांना दिसणारा. खिडकी उघडून बघितल्याशिवाय तो मिळत नाही. बंद डब्यातल्या कुठल्याही प्रयोगात ३७० हा आकडा निघालेला नाही.

एक वाचक, अंबाजोगाई: वेगामुळं घड्याळाचं मशीन बिघडत असेल, काळ कशाला हळू होईल? उन्हात लंबकाचं घड्याळ पण मागं पडतंच की, म्हणून काय काळ उन्हानं बदलला म्हणायचं?

उन्हाचं उदाहरण छान आहे आणि शंका एकदम रास्त आहे. लंबकाचा दांडा गरमीनं लांबतो म्हणून ते मागं पडतं, पण शेजारचं क्वार्ट्झचं घड्याळ तेवढंच मागं पडत नाही, म्हणून आपण म्हणतो दोष मशीनचा. वेगाच्या बाबतीत मात्र सगळी घड्याळं एकाच प्रमाणात हळू होतात, कशाचीही बनवा. आणि निसर्गात असं घड्याळ आहे ज्याला मशीनच नाही.

म्युऑन नावाचे कण असतात, वरून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले की साधारण १५ किलोमीटर उंचीवर ते तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. प्रकाशाच्या वेगानं पळाला तरी तेवढ्यात साधारण ६६० मीटर जाणार, मग वरच्या वरच बहुतेक सगळे संपायला पाहिजेत. तरीही ते खाली पोचतात, आत्ता तुमच्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जात असेल. त्यांच्या आत ना स्प्रिंग ना सेल, ना उन्हानं लांबणारा दांडा. १९७०च्या दशकात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत म्युऑन एका गोल कड्यात प्रचंड वेगानं फिरवले, तिथं त्यांचं आयुष्य २.२चं साधारण ६४ झालं, २९ पट, सूत्र सांगतं तेवढंच. आणि त्या कड्यात वळताना त्यांच्यावरचा जोर एवढा प्रचंड असतो की आपण कल्पनाही करू शकत नाही, तरी त्या जोरानं आयुष्यात वेगळा काही फरक पडला नाही, फरक पडला तो फक्त वेगाचा. परभणीच्या मामांनी हे पण वाचावं, वळण्यानं घड्याळ हळू होत नाही, वळण्यानं फक्त कुणाचा रस्ता वेगळा होता ते ठरतं. परभणीहून नांदेडला एक जण वसमतवरून गेला आणि एक जण गंगाखेड-लोह्यावरून, तर दोन गाड्यांचे किलोमीटर वेगळे पडणार, कुणाचं मीटर बिघडलं असं कुणी म्हणत नाही. काळात फक्त हिशोब उलटा आहे, सरळ जाणाऱ्याचा काळ सगळ्यात जास्त भरतो.

आपल्या रोजच्या वेगात हा फरक किती, हे पण काढून बघितलं. ताशी ६० किलोमीटरनं रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, अशी तीस वर्षं एसटी चालवणारे ड्रायव्हरकाका रिटायर होतात तेव्हा ते डेपोतल्या क्लार्कपेक्षा सेकंदाच्या तीस लाखाव्या भागानं तरुण असतात.

एक वाचक, उदगीर: एका व्हिडिओत बघितलं की १९७१ ला विमानातून घड्याळं फिरवली तर पूर्वेकडं जाणारं मागं पडलं आणि पश्चिमेकडं जाणारं पुढं गेलं. दोन्ही विमानांचा जमिनीपासूनचा वेग तर सारखाच. मग फरक पडला म्हणजे ईथर आहे असं तो माणूस सांगूलालाय. खरं आहे का?

प्रयोग खरा आहे, निष्कर्ष चुकला. जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या दोघांनी ऑक्टोबर १९७१ मध्ये सीझियमची चार अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडं आणि एकदा पश्चिमेकडं. परत आल्यावर जमिनीवरच्या घड्याळाशी ताडून बघितलं तर पूर्वेची फेरी ५९ नॅनोसेकंद मागं पडली आणि पश्चिमेची २७३ नॅनोसेकंद पुढं गेली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.

आता व्हिडिओवाल्यानं काय केलं, जमिनीवरचं घड्याळ उभं धरलं. ते उभं नाही. ते पृथ्वीसोबत गोल फिरतंय, आणि गोल फिरणं म्हणजे सारखं वळत राहणं, त्याला "एका चालीनं सरळ" म्हणता येत नाही. म्हणून हिशोब पृथ्वीच्या मध्याजवळ न फिरता उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून करायचा. त्याला उदगीर ताशी साधारण १५८० किलोमीटरनं पूर्वेकडं जाताना दिसतं. ताशी ९०० नं पूर्वेकडं उडणारं विमान त्याला २४८० नं जाताना दिसतं, आणि पश्चिमेकडं उडणारं ६८० नं, आणि तेही पूर्वेकडंच! म्हणजे पश्चिमेचं विमान उदगीरपेक्षा हळू चाललंय, मग त्याचं घड्याळ उदगीरच्या घड्याळापुढं जाणारच. त्यांनी आधीच मांडलेला हिशोब असा होता, वेगामुळं पूर्वेला १८४ नं मागं, पश्चिमेला ९६ नं पुढं. वर उंचीवर गुरुत्वाकर्षण थोडं कमी म्हणून घड्याळ जलद चालतं, ते पूर्वेच्या फेरीत १४४ आणि पश्चिमेच्या फेरीत १७९ नं पुढं. बेरीज करून बघा, पूर्वेला ४० मागं आणि पश्चिमेला २७५ पुढं. ५९ आणि ४० मध्ये फरक दिसतो पण हिशोबातच २३ नॅनोसेकंदांची इकडंतिकडं धरलेली होती, त्यामुळं ते बसतं.

व्हिडिओवाला म्हणतो तसं ईथर या प्रयोगात दिसत असतं तर सूर्याभोवतीचे ३० किलोमीटर कुठंतरी डोकावले असते. डोकावले नाहीत. सूर्याजवळच्या माणसाच्या नजरेतून सगळा हिशोब परत केला तरी हेच आकडे येतात. फिरणं कळतं, पुढं जाणं कळत नाही, एवढं लक्षात ठेवलं की असले व्हिडिओ कुठं घसरतात ते पकडता येतं. तुमच्या फोनमध्ये हेच रोज चालतं, जीपीएसचं घड्याळ वेगामुळं दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागं आणि उंचीमुळं ४५ पुढं, एकूण ३८ पुढं, आणि ते दुरुस्त केलं नाही तर दिवसाला दहा किलोमीटरच्या वर चूक साठत जाईल.

एक वाचक, हिंगोली: आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो प्रकल्प व्हायलाय. त्यात प्रकाशाचे किरण काटकोनात सोडतात म्हणे. ईथर शोधायचं यंत्र पण तसंच होतं असं मुलीच्या पुस्तकात आहे. मग आमच्या इथं निरपेक्ष गती सापडणार का?

हे पत्र वाचून मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. हो, यंत्राची कल्पना तीच आहे. अल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा ते मांडलं. एक किरण अर्धवट चांदी लावलेल्या काचेवर सोडायचा, त्याचे दोन भाग काटकोनात दोन बाजूंना जाऊन आरशावरून परत येतात, आणि परत भेटले की काळे-पांढरे पट्टे दिसतात. एका बाजूला जरा जरी उशीर झाला तर पट्टे सरकणार. बर्लिनमध्ये रस्त्यावरच्या वर्दळीनं पट्टे थरथरत होते म्हणून पॉट्सडॅमला हलवलं, तर तिथंही लांबच्या फरसबंदीवर कुणी पाय आपटला की पट्टे गायब. मग १८८७ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला एडवर्ड मोर्ली यांच्यासोबत दगडाची मोठी शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली, तिच्यावर आरसे बसवले, आणि ती शिळा सावकाश गोल फिरत राहिली आणि मायकेलसन तिच्यासोबत गोल गोल चालत दुर्बिणीतून पट्टे बघत राहिले. पृथ्वीच्या ३० किलोमीटरच्या वेगामुळं ईथरचा वारा लागत असेल तर पट्टा ०.४ नं सरकायला पाहिजे होता. जे दिसलं ते त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी. पट्टे सरकलेच नाहीत म्हणा ना.

औंढ्याच्या यंत्राचे दोन हात चार चार किलोमीटरचे असतील. अमेरिकेत अशी दोन आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनला, आणि त्यांनी १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची गुरुत्वाकर्षणाची लाट पकडली, त्यात चार किलोमीटरच्या हाताची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या साधारण हजाराव्या भागाइतकीच बदलली होती. आपल्या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींची. ही जागा निवडली त्यात शांतता हा मोठा मुद्दा होता. मायकेलसनना जो पायांचा आवाज छळत होता तोच इथं टाळायचाय.

निरपेक्ष गती मात्र इथंही सापडणार नाही. लायगो वाट बघतं ती बाहेरून येणाऱ्या लाटेची, जी एक हात ताणते आणि दुसरा आखडते. पृथ्वी ३० नं चाललीय की ३७० नं, याचा त्या पट्ट्यांवर काही परिणाम होत नाही, आणि होत नाही म्हणूनच एवढी बारीक लाट त्यात उठून दिसते. ईथरचा वारा असता तर पृथ्वी फिरेल तसा तो रोज त्या हातांवरून झाडू फिरवत गेला असता आणि त्या गोंधळात ही लाट शोधणं अवघड झालं असतं. मुलीला हे नक्की सांगा, तिच्या पुस्तकातलं यंत्र तिच्याच जिल्ह्यात चार किलोमीटरचं होऊन उभं राहतंय.

नववीतली विद्यार्थिनी, सेलू: मॅडम, फिरणं कळतं असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं. मी खिडकी न उघडता घरात बसून पृथ्वी फिरते हे दाखवू शकते का?

दाखवू शकतेस बाळा. फ्रान्समध्ये लिओन फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन इमारतीच्या घुमटाखाली ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून हेच दाखवलं. लंबक ज्या रेषेत झुलतो ती रेषा तशीच राहायला बघते आणि खालची जमीन फिरते, म्हणून आपल्याला वाटतं लंबकच हळूहळू वळतोय. उत्तर ध्रुवावर ही रेषा दिवसात पूर्ण गोल फिरेल, विषुववृत्तावर अजिबात नाही. सेलूला पूर्ण गोलाला जवळजवळ ७२ तास लागतात, म्हणजे तासाला ५ अंश, आणि वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं.

घरी माळवदाची जुनी लाकडी तुळई असेल तर उत्तम, नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये सरांना विचारून छताच्या हुकाला चार-पाच मीटरची बारीक तार बांध. वरची गाठ एका बाजूला ओढ देणारी नको, तार सगळ्या बाजूंनी सारखी हलली पाहिजे, खरी मेहनत इथंच आहे. खाली पाच किलोचं वजन टांग, वजनाच्या बरोबर बुडाला एक खिळा चिकटव. पंखे आणि दारं-खिडक्या बंद. हातानं सोडू नको, हात सोडताना बाजूला धक्का बसतो आणि लंबक सरळ न झुलता लंबगोल फिरायला लागतो, मग सगळं वाया. वजन मध्यापासून अर्धा मीटर बाजूला ओढून दोऱ्यानं भिंतीला बांध, पूर्ण थांबू दे, आणि मग मोठ्या माणसाला सोबत ठेवून तो दोरा काडीनं जाळ. झुलायला लागल्यावर पहिल्या फेरीच्या रेषेखाली जमिनीवर रांगोळीची बारीक रेघ ओढ. अर्ध्या तासानं परत ये. झोका लहान झालेला असेल, पण दिशा बघ. अर्धा मीटरच्या टोकाला मोजलं तर रांगोळीपासून साधारण दोन सेंटिमीटर, तासाभरानं चार सेंटिमीटरच्या थोडं वर. पहिल्या दिवशी उलट्या दिशेनं पण जाईल, तसं झालं तर वरची गाठ तपास आणि परत कर, आणि तुझा आकडा किती आला ते मला लिहून पाठव.